जनावरांच्या डॉक्टरकीतलं 'समाधान': खरं, की मनाची समजूत?

मुठाकाठचा मामा

भाचीला नीटमध्ये एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत. आई म्हणते रिपीट कर, बाप म्हणतो बीडीएस घे, आणि भाची म्हणते व्हेटर्नरी. शिरवळच्या कॉलेजात नंबर लागेल अशी तिची अटकळ आहे. साडेपाच वर्षं, त्यातलं शेवटचं एक इंटर्नशिपचं. मामा रिटायर झालेला, म्हणून चौकशीचं काम मामाकडे.

पंधरा दिवसांत पुण्यातल्या आणि आसपासच्या पाच-सहा पशुवैद्यांना गाठलं. प्रत्येकाने आधी अर्धा तास रडगाणं गायलं. पैसे नाहीत, सुट्टी नाही, लाथा बसतात, लग्नात लोक 'गुरांचा डॉक्टर' म्हणून हळूच हसतात. आणि चहा संपता संपता हमखास एकच वाक्य: "पण समाधान आहे हो."

मला याच वाक्याचा संशय येतो. हिंजवडीला जाणारा माणूस कधी समाधानाचं नाव काढत नाही, तो पॅकेज सांगतो. समाधान सांगतात ते अंगणवाडीताई, नर्स, मराठीचे प्राध्यापक आणि पशुवैद्य. कोल्ह्याला न मिळालेली द्राक्षं आंबट लागली. यांना आंबटच मिळाली, म्हणून हे ती गोड म्हणून खातात. कुणाला खोडायचं असेल तर खोडा. भाचीच्या फायद्याचंच आहे.

कासदाह

मामा, खोडतो. दौंड-शिरूर पट्ट्यात अठरा वर्षं गोठे फिरतोय.

एकच केस सांगतो. पहाटे फोन येतो, "डॉक्टर, गाय काल व्याली, आज उठंना." एचएफ म्हणजे होल्स्टीन गाय, तिसरं-चौथं वेत, वीस-बावीस लिटरची. जाऊन बघावं तर मान कुशीवर वळवून बसलेली. कान गार. नाकपुडी कोरडी ठाक. घरातली म्हातारी पदर तोंडाला लावून दारात उभी, तिने मनातल्या मनात गाय पुरलेली असते.

हा मिल्क फिवर. नावात ताप, पण अंग उलट गार पडतं. चीक आणि दूध एकदम उतरतं, त्यात कॅल्शियम निघून जातं, रक्तातलं कमी पडतं आणि स्नायू काम सोडून देतात. औषध म्हणजे ४५० मिलीची कॅल्शियमची बाटली, शिरेतून. घाईने सोडली तर हृदय बंद पडतं. म्हणून बाटली किती उंच धरायची ते गड्याला दाखवायचं, आपण स्टेथो छातीला लावून बसायचं आणि ठोका चुकायला लागला की ओरडायचं, "खाली घे!" तेवढा वेळ मी कुणाशी बोलत नाही, मालक काहीही विचारू दे.

अर्धी बाटली जाते तोवर मांड्या थरथरायला लागतात. मग एक ढेकर. मग त्या कोरड्या नाकपुडीवर बारीक बारीक थेंब फुटतात, काकडीवर फुटतात तसे. मग शेण टाकते. आणि मग मागचे पाय आधी उचलून गाय उभी राहते आणि वैरणीत तोंड घालते. माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही.

सगळा कार्यक्रम बहुतेक वेळा अर्ध्या तासात. माझा चुलतभाऊ एमडी आहे. त्याचे बीपी-शुगरवाले वीस वर्षं तेच, फक्त गोळ्या वाढतात. मेलेलं उठून चरायला लागलं, हे त्याने अजून पाहिलेलं नाही. याला समजूत म्हणायचं तर म्हणा.

भिडे पूल

पेशंट पुण्याचा आणि डॉक्टरला शिकवत नाही! माझ्या मते एवढं समाधान साडेपाच वर्षांना पुरेसं आहे.

फाईलवाला

कासदाह डॉक्टरांनी बरोबर तीच केस काढली जिच्यात डॉक्टर देव दिसतो. मी पण बी.व्ही.एस्सी.च. तीन वर्षं प्रॅक्टिस केली, आता बँकेत कृषी अधिकारी आहे. मी दुसरी केस सांगतो.

अडलेली गाय. वासराची मान मागे दुमडलेली. अडीच तास खांद्यापर्यंत हात आत, खाली साबणाचं पाणी, गुडघे शेणात. कळ आली की हाताचं हाड मोडतंय असं वाटायचं. शेवटी मान सरळ झाली, दोऱ्या लावल्या, वासरू बाहेर आलं. जिवंत. नाकातला चिकट काढला, गवताच्या काडीने शिंकवलं. माझ्या डोळ्यात पाणी.

मालकाने पुढे येऊन पहिली शेपटी उचलली. गोऱ्हा. "हात्तिच्या!"

एचएफचा गोऱ्हा म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला कळत नाही. त्याला धड वशिंड नाही, उन्हात टिकत नाही, जू ठेवून उपयोग नाही. २०१५ पासून राज्यात बैल-वळूही कत्तलीला देता येत नाहीत, म्हणजे विकायची वाट बंद. पोसायचं कशासाठी? आठ दिवसांनी त्याच गोठ्यावर गाईचा ताप बघायला गेलो. गोऱ्हा नव्हता. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

मामा, तुमचा संशय बरोबर आहे. समाधान गिरणीत टाकून पीठ निघत नाही. उलट लोक तेच पुढे करून पैसे बुडवतात, "डॉक्टर, मुक्या जनावराचं पुण्य लागेल तुम्हाला." पुण्याचा हप्ता बँक घेत नाही. हे मी आता अधिकृतपणे सांगू शकतो.

कासदाह

फाईलवाले, केस खरी आहे, माझ्याकडेही अशा आहेत. पण तुम्ही न विचारता निघालात, काम तिथूनच सुरू होत होतं. आता कृत्रिम रेतनासाठी लिंगवर्गीकृत वीर्याच्या कांड्या मिळतात, दहातल्या साधारण नऊ वेळा कालवडच होते. उरुळी कांचनला पशुपैदाशीचं काम करणाऱ्या बाएफचं केंद्र आहे, मणिभाई देसाईंनी १९६७ साली संस्था काढली, ती आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर. मी माझ्या भागात घरोघर बसून हे पटवतोय. गोऱ्हा जन्मालाच येत नाही, मग आठ दिवसांनी कुणी नजर चुकवत नाही.

फाईलवाला

कांडीचे जादा पैसे कोण भरतं? आणि गाय उलटली, गाभण राहिली नाही, की शिव्या कोण खातं? पटवा, पटवा.

पाटस टोलनाका

मी गोठेवाली. बारा गाया आहेत. डॉक्टर लोकांचं भांडण वाचून करमणूक झाली. तुमचं समाधान तुमच्यापाशी, गाय आमची आहे.

आमच्या एका गाईच्या पोटात तार निघाली. डॉक्टर मोठे, हुशार. पोट फाडून तार काढली, गाय जगली. त्यांनी तारेचा फोटो स्टेटसला ठेवला, लोकांनी अंगठे दिले. बिल पंधरा हजार. गाय पुन्हा पाच लिटरच्या वर गेली नाही. दीड वर्षं तिला उभ्यानं खाऊ घातलं.

पुढच्या साली दुसरी गाय तशीच पडली. या वेळी दुसरे डॉक्टर आले. त्यांनी तिला सगळीकडून दाबून बघितलं, टिचक्या मारून ऐकलं, मग माझ्या सासऱ्यांशेजारी ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आण्णा, मी फाडतो म्हटलं तर तुम्ही हो म्हणाल. पण माझी स्वतःची गाय असती तर मी फाडली नसती." चारशे रुपये घेतले. तीन दिवसांनी गाय गेली. आजही आमच्याकडे तेच डॉक्टर येतात.

आता सांगा, त्या माणसाला समाधान झालं असेल का? त्यानं तर काहीच केलं नाही.

तिसरा मजला कोथरूड

पाटसच्या ताईंनी या धाग्यातला एकमेव खरा प्रश्न विचारलाय. मी कुत्र्या-मांजरांची डॉक्टर आहे, म्हणजे वरच्या मंडळींच्या मते एसीत बसणारी. तरी सांगते.

माझ्याकडे महिन्यातून तीन-चार वेळा दयामरण असतं. एकदा चौदा वर्षांचा लॅब्रेडॉर होता, किडन्या गेलेल्या. नवराबायको दोघं त्याच्या डोक्याशी बसलेले. मी इंजेक्शन दिलं, स्टेथोने ऐकलं, मान हलवली. खोलीत कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. नवरा उठून बाहेर गेला आणि त्याने नुसतं काहीतरी करायचं म्हणून पैसे स्कॅन करून टाकले. आणि काउंटरवरचा तो डबा ठणठणीत आवाजात बोलला, "अठराशे रुपये प्राप्त झाले!"

त्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. तेव्हापासून अशा वेळी सिरिंज भरायच्या आधी मी तो डबा बंद करते. असिस्टंटलाही शिकवलंय, आधी डबा, मग शिरेची सुई. ताई, तुमच्या डॉक्टरांनी काहीच केलं नाही असं नाही. चारशे रुपयांत त्यांनी ते ओट्यावर बसण्याचं काम केलं, आणि ते पोट फाडण्यापेक्षा अवघड असतं. रात्री घरी जाऊन 'आपण चुकलो नाही' एवढं जरी वाटलं तरी त्याला मी समाधान म्हणते. आनंद नाही म्हणत.

मामांना एक सांगायचंय. भाचीला प्राणी आवडतात म्हणून ती येत असेल तर थांबवा. दुसऱ्या वर्षापर्यंत अशा मुलांचं रडून होतं. कोडं आवडत असेल तर येऊ दे. परवा एक मांजर आलं, हिरड्या करड्या-तपकिरी, धाप लागलेली, चेहरा सुजलेला. मालक सांगतात, "काहीच दिलं नाही हो मॅडम." तीनदा विचारलं. चौथ्यांदा मी विचारलं, "ताप आल्यावर घरातलं कुणी काय करतं?" तेव्हा आजोबा म्हणाले, "अर्धी क्रोसिन दिली होती फक्त." मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही, अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. पेशंट बोलत नाही पण खोटंही बोलत नाही, खोटं बोलतो तो त्याचा मालक. हे एकदा उमगलं की रोजचा दिवस रहस्यकथा असतो. मांजर जगलं. आजोबा मला आता 'पोलीस मॅडम' म्हणतात.

पैशांबद्दल: कर्ज काढून दवाखाना टाकला तर पहिली पाच-सहा वर्षं जेवणाचा डबा आईकडूनच येतो. फाईलवाल्यांचं तेवढं म्हणणं मला मान्य आहे.

औंधकर

तुम्ही सगळे एकेका जनावराचं बोलताय. माझी नोकरी लशींच्या कामात गेली. मी उभ्या आयुष्यात एकही गाय उठवली नाही.

'बुळकांडी', गुरांचा रिंडरपेस्ट, हा शब्द तुमच्यातल्या किती जणांनी ऐकलाय? माझे आजोबा सांगायचे, वाड्यातली सगळी दावणी चार दिवसांत मोकळी झाली होती. हा रोग इंग्रज सरकारला इतका जड गेला की १८८९ साली त्यांनी जीवाणू-संशोधनाची प्रयोगशाळा काढली, ती आपल्या पुण्यात. पुढे असले जंतू भरवस्तीत नकोत म्हणून ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आज बरेलीजवळ इज्जतनगरला जी मोठी संस्था आहे, तिचा जन्म इथला. सव्वाशे वर्षं लोक त्या रोगामागे लागले. लस आली, गावोगाव टोचली, आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसराच रोग. २०११ म्हटलं की सगळ्यांना वानखेडेवरचा षटकार आठवतो. मला हे आठवतं.

कुणी हार घातले नाहीत. न झालेल्या रोगाचे आभार कोण मानणार? २०२२ला लम्पी आली तेव्हा मात्र फोन वाजायचे थांबत नव्हते. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून साथ आवरली, तेव्हा दोन महिने लोकांना आठवलं की लस कुठेतरी कुणीतरी बनवत असतं.

फाईलवाला

औंधकर, सलाम. पण अठरा वर्षांच्या पोरीला सव्वाशे वर्षांचं समाधान कसं पुरायचं? तिला पंचविसाव्या वर्षी स्कूटरचा हप्ता भरायचाय.

औंधकर

स्कूटर घेऊ नये, गोठ्यात चालत नाही. मोटरसायकल घ्यावी.

मुठाकाठचा मामा

सगळं वाचून दाखवलं तिला. मला वाटलं गोऱ्ह्याची गोष्ट ऐकून गप्प होईल. तिने विचारलं, "मान मागे दुमडलेली असताना हात नेमका कुठून घालायचा?" तिची आई उठून आत गेली.

माझा संशय अजून गेलेला नाही. कासदाह डॉक्टरांची गाय उठली ते ठीक, पण डॉक्टर, तुम्ही न उठलेल्या गाईंबद्दल लिहिलं नाहीत. आणि फाईलवाले, तुम्हाला खरंच काही वाटत नसतं तर एवढा मोठा प्रतिसाद लिहिला नसता, तोही कामाच्या वेळात.

फाईलवाला

लंच टाइम होता.

कासदाह

न उठलेल्यांचं असं ऑनलाइन नाही सांगता येत मामा. काही तर तीच केस, तीच बाटली, तरी नाही उठत. आणि मला स्वतःला ब्रुसेला, जनावरांकडून माणसाला लागणारा रोग, होऊन गेलाय, गाय व्याल्यावर आत अडकलेली वार उघड्या हाताने काढायची मस्ती नडली. सहा आठवडे औषधं, संध्याकाळ झाली की ताप, उभ्या अंगाचा घाम. हेही तिला वाचून दाखवा, लपवू नका.

आणि नुसतं वाचून काय कळणार? सोमवारी पाठवा. पहाटे साडेपाचला हडपसर गाडीतळावरून उचलतो, दुपारी तीनपर्यंत आणून सोडतो. आई बरोबर आली तरी चालेल, गाडीत जागा आहे. तिला वार, रक्त, कुत्रं यांपैकी कशालाही हात लावू देणार नाही. शिरवळला गेली की रेबीजची आगाऊ इंजेक्शनं आधी घ्यायची, मग काय ते. गमबूट मात्र तिचे तिने आणायचे, माझे नऊ नंबरचे आहेत. जागा-वेळ व्यक्तिगत निरोपात कळवतो.

मुठाकाठचा मामा

गमबूट पुण्यात कुठे मिळतात? तिचा पाच नंबर.

तिसरा मजला कोथरूड

बोहरी आळीत. सहा नंबरचे घ्या, आत जाड मोजे घालायला सांगा. पाच नंबरचा गच्च बसतो आणि चिखलात पाय निघतो, बूट राहतो.