शब्दचर्चा : 'राज्यघटना' म्हणजे कोणत्या राज्याची घटना?

शंका : अमेरिकेतल्या न्यायालयांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'स्टेट कॉन्स्टिट्यूशन' पानोपानी येतं. 'राज्यघटना' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की अख्ख्या देशाच्या घटनेबद्दल चाललं आहे. 'राज्य संविधान' कानाला बरं वाटत नाही. मराठीत यासाठी काही रुळलेला शब्द आहे का?

उत्तर : एका शब्दात नाही. सगळ्यात जवळचं म्हणजे 'घटकराज्याची घटना'. संदर्भ स्पष्ट असेल तिथे सरळ नाव घ्यावं : टेक्सासची घटना, ओहायोची घटना. देशाच्या घटनेला मग 'संघराज्याची घटना' म्हणता येईल. 'टेक्सासच्या घटनेत शिक्षणाचं कलम आहे, संघराज्याच्या घटनेत नाही' हे वाक्य कुणालाही एका वाचनात कळतं. 'राज्यघटना' हा शब्द मात्र अशा लेखात शक्यतो टाळाच.

तुमची अडचण खरी आहे आणि तिचं मूळ 'राज्य' या शब्दात आहे. 'राज्यघटना'मधलं राज्य हे कर्नाटक, केरळ यांच्या पंक्तीतलं राज्य नाही. ते राज्यशास्त्र, राज्यसंस्था, राज्यकारभार या शब्दांतलं राज्य आहे, म्हणजे एकूण शासनव्यवस्था. तिची घडण सांगणारा दस्तऐवज ती राज्यघटना. संविधानाच्या अधिकृत मराठी मजकुरातही हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. कलम 1 मध्ये भारत हा 'राज्यांचा संघ' आहे, तिथे राज्य म्हणजे घटकराज्य. कलम 12 मध्ये मूलभूत हक्कांच्या संदर्भात 'राज्य' या शब्दात केंद्र सरकार, संसद, राज्यांची सरकारं आणि विधानमंडळं, स्थानिक संस्था असं सगळं येतं. म्हणून 'राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे' ही फक्त राज्य सरकारांसाठी नाहीत, केंद्र सरकारलाही तितकीच लागू आहेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांचा इथे फार घोळ होतो आणि शिकवणारे बहुधा हा फरक सांगत नाहीत, याचं वाईट वाटतं.

घटकराज्याच्या घटनेला आपल्याकडे वेगळा शब्द का घडला नाही? कारण तशी वस्तूच जवळजवळ नव्हती. राज्यपाल, मुख्यमंत्री, विधानसभा, उच्च न्यायालय ही सगळी व्यवस्था भारताच्या संविधानाच्या भाग 6 मध्येच लिहिलेली आहे. 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा स्पष्टच केला होता : अमेरिकेत घटकराज्यांना स्वतःची घटना करण्याची मुभा आहे, आपल्याकडे संघ आणि राज्यं दोघांची घटना एकाच चौकटीत आहे आणि तिच्याबाहेर कुणालाच जाता येणार नाही. संस्थानांच्या बाबतीत मात्र तेव्हा वेगळा विचार चालू होता. म्हैसूर, सौराष्ट्र, त्रावणकोर-कोचीन इथे वेगळ्या संविधान सभाही होत्या. 1949 मध्ये तो विचार मागे पडला आणि त्यांनाही एकच संविधान लागू झालं.

अपवाद जम्मू-काश्मीरचा. तिथली घटना 17 नोव्हेंबर 1956 ला स्वीकारली गेली, 26 जानेवारी 1957 पासून पूर्णपणे अमलात आली आणि ऑगस्ट 2019 मध्ये कलम 370 खालच्या आदेशांनी तिचा अंमल संपला. 'जम्मू-काश्मीरची राज्यघटना' असं वर्तमानपत्रांत छापून यायचं, तेव्हा कुणाचा गोंधळ झाला नाही, कारण पुढे नाव जोडलेलं होतं. तीच युक्ती तुमच्या अनुवादातही चालेल.

पुढची शंका : पण अमेरिकेत वरची एक घटना असताना पन्नास राज्यांच्या पन्नास घटना कशाला? त्या नावापुरत्या असतात का?

उत्तर : नावापुरत्या मुळीच नाहीत. काही तर वयानेही मोठ्या आहेत. मॅसॅच्युसेट्सची 1780 ची घटना आजही चालू आहे. तिचा मसुदा मुख्यतः जॉन अ‍ॅडम्स यांचा, जे पुढे अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. संघराज्याची घटना लिहिली गेली 1787 मध्ये. म्हणजे राज्यांना घटना वरून मिळाल्या नाहीत, घटना असलेली राज्यं एकत्र आली. संघराज्याच्या घटनेत आजवर 27 दुरुस्त्या झाल्या, अलाबामाच्या 1901 च्या घटनेत नऊशेच्या वर. तिथे एखाद्या काउंटीपुरता, म्हणजे जिल्ह्यासारख्या भागापुरता, नियम करायचा तरी घटनादुरुस्ती लागायची. म्हणून 'घटनादुरुस्ती' हा शब्द तुमच्या लेखात आला की ती कोणत्या घटनेची, हे प्रत्येक वेळी लिहावं लागेल. दोन्हींचं वजन सारखं नाही.

हक्कांच्या बाबतीत राज्याची घटना काय करू शकते, याचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण टेक्सासचं आहे. तिथे शाळांचा पैसा बराचसा स्थानिक मालमत्ता करातून यायचा. त्यामुळे श्रीमंत वस्तीतल्या शाळेला भरपूर आणि सॅन अँटोनियोमधल्या एजवूडसारख्या गरीब भागातल्या शाळेला तुटपुंजा पैसा मिळे, आणि तोही गरिबांनी जास्त दराने कर भरून. एजवूडचे पालक न्यायालयात गेले. 1973 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की शिक्षण हा संघराज्याच्या घटनेतला मूलभूत हक्क नाही, तेव्हा ही पद्धत घटनाबाह्य नाही. इथे सगळं संपायला हवं होतं. पण टेक्सासच्या 1876 च्या घटनेत सार्वजनिक मोफत शाळांची 'कार्यक्षम' व्यवस्था उभारण्याचं कर्तव्य विधिमंडळावर टाकलेलं आहे. त्या एका कलमाच्या आधारे टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये एकमताने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. एकाच व्यवस्थेवर दोन निकाल, आणि दोन्ही आपापल्या घटनेप्रमाणे. 'घटनाबाह्य' हा शब्द वाचला की 'कोणत्या घटनेबाहेर?' हा प्रश्न संघराज्यात विचारावाच लागतो.

उलटं मात्र चालत नाही. राज्याची घटना हक्क वाढवू शकते, संघराज्याच्या घटनेने दिलेल्यापेक्षा कमी करू शकत नाही. जर्मनीत हे फार ठळक दिसतं. हेसेन राज्याच्या 1946 च्या घटनेत मृत्युदंडाचा उल्लेख होता. 1949 मध्ये देशपातळीवर मृत्युदंड रद्द झाला, तेव्हापासून ते शब्द निर्जीव होते, पण कागदावरून ते गेले 2018 च्या सार्वमतानंतर. शब्दांच्या दृष्टीने जर्मनीचा मामला आणखी वेगळा आहे. राज्यांच्या दस्तऐवजांना तिथे 'घटना' म्हणतात आणि देशाच्या दस्तऐवजाचं नाव 'मूलभूत कायदा'. देश विभागलेला असताना तो तात्पुरता म्हणून केला होता, म्हणून 'घटना' हे नाव मुद्दाम टाळलं. जर्मनीबद्दल लिहिताना हा भेद मराठीत जपायला हवा, सगळ्यालाच 'राज्यघटना' म्हटलं तर तो पुसला जातो.

आणखी एक शंका : घटनात्मक, सांविधानिक, संवैधानिक, वैधानिक, यांपैकी काय वापरायचं?

उत्तर : पहिले तिन्ही एकाच अर्थाचे. 'घटनात्मक' सगळ्यांना कळतो, 'सांविधानिक' सरकारी मराठीत दिसतो, 'संवैधानिक' हिंदीच्या वाटेने आला आणि आता बातम्यांत सर्रास दिसतो. मी स्वतः 'घटनात्मक' लिहितो. 'वैधानिक' मात्र निराळा आहे, तो कायद्याने निर्माण झालेल्या गोष्टीसाठी. निवडणूक आयोग घटनात्मक, कारण त्याची तरतूद कलम 324 मध्ये आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग वैधानिक, कारण तो 1993 च्या कायद्याने आला. साधा कायदा संसद साध्या बहुमताने बदलू शकते, घटनेतल्या बहुतेक तरतुदी तशा बदलता येत नाहीत. तेव्हा हे दोन शब्द अदलाबदलीने वापरले तर माहितीच चुकते.

शेवटची शंका : मग अमेरिकेच्या 'फेडरल' सरकारला 'केंद्र सरकार' म्हटलं तर चालेल?

उत्तर : बातमीत चालून जातं, घटनेवरच्या लेखात मी म्हणणार नाही. 'केंद्र' म्हटलं की मध्यबिंदू आणि भोवतालचे त्याचे भाग असं चित्र उभं राहतं, अमेरिकेची जडणघडण तशी नाही. आपल्या संविधानानेही शासनासाठी 'संघ' हाच शब्द निवडला, 'केंद्र' रुळला तो बोलण्यातून. तमिळनाडू सरकारने 2021 मध्ये 'केंद्र सरकार' या अर्थाचा तमिळ शब्द सोडून 'संघ सरकार' या अर्थाचा वापरायला सुरुवात केली, तेव्हा त्यावर बराच वाद झाला होता. तुम्ही 'संघ सरकार' किंवा सरळ 'फेडरल सरकार' लिहा, दोन्ही वाचकाला समजतात.