मुलाच्या मूत्राशयाची क्षमता घरी कशी मोजावी?

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा अजूनही झोपेत अंथरूण ओले करतो. त्याच्या मूत्राशयात जास्तीत जास्त किती लघवी मावते, हे घरी मोजून आणण्यास डॉक्टरांनी सांगितले आहे. त्यासाठी त्याला लघवी रोखून धरायला लावावी का?

उत्तर १ : पोट दुखेपर्यंत तर मुळीच नको. सुट्टीचे दोन दिवस निवडून, मिलिलिटरच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या मापात त्याला प्रत्येक वेळी लघवी करू द्यावी, माप सपाट जागी ठेवून आकडा वाचावा आणि वेळेसह वहीत लिहावा. त्यांतील सर्वांत मोठा आकडा कमाल क्षमता मानतात. सकाळची पहिली लघवी रात्रभर साठलेली असल्याने ती लिहून ठेवावी, पण या हिशेबात धरू नये.

उत्तर २ : वयात एक मिळवून 30 ने गुणले, की अपेक्षित क्षमतेचा अंदाज येतो, आपल्या मुलासाठी ती 240 मिलिलिटर होते. लघवीनंतर आत उरलेले मूत्र मात्र या मोजणीत येत नाही, ते सोनोग्राफीत दिसते.

उत्तर ३ : पाणी नेहमीइतकेच द्यावे. शौचास कडक होत असल्यास तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण भरलेल्या आतड्याचा दाब मूत्राशयावर येतो.