एकाच सभासदाला तीन महिन्यांत तीन डीक्यू (मॅचमधून बाद). क्लबनं आता काय करायचं?

टिळकवाडी_चिटणीस
आमचा नेमबाजीचा क्लब. १० मीटर एअर रेंज, १२ लेन, कागदी टार्गेट, पुलीवर ओढून घ्यायची. नेमबाज स्वप्नील कुसाळेला २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ मिळालं तेव्हापासून कोल्हापूरच काय, आमच्याकडंही पोरांची रीघ लागली आहे. सभासद वाढले, रेंज ऑफिसर मात्र एकच.

प्रश्न एका १९ वर्षांच्या एअर पिस्तूलवाल्याचा आहे. क्लबच्या मासिक मॅचमध्ये जून, जुलै, ऑगस्ट अशा लागोपाठ तीन वेळा सुरक्षेच्या कारणावरून बाद झाला. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो सभासदत्व रद्द करा, दुसरा म्हणतो ताकीद देऊन सोडा. लेखी नियम काहीच नाही. तीनदा डीक्यू झालेल्याला कसं हाताळायचं आणि परत घ्यायचं तर कुठल्या पायरीनं, हे जाणकारांनी सांगावं.

निपाणी_आरओ
चिटणीस साहेब, पायऱ्या नंतर ठरवू. आधी तिन्ही घटना नीट मांडा. ‘सेफ्टी डीक्यू’ एवढ्या दोन शब्दांवरून काही कळत नाही. प्रत्येक वेळी कुठली कमांड चालू होती, छर्रा आत होता का, फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी दोरी) कुठं होता, मझल (नळीचं तोंड) कुणीकडं होतं, बोट ट्रिगरवर होतं की ट्रिगर गार्डच्या बाहेर, कोण ड्यूटीवर होतं, ते सगळं लिहा.

आणि ते मुळात डीक्यू होते का, हेही बघा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात फ्लॅग न लावल्याबद्दल आधी वॉर्निंग आहे. वॉर्निंग देऊनही लावायला नकार दिला, तरच डीक्यू. पिवळं कार्ड म्हणजे वॉर्निंग, हिरवं म्हणजे गुण कपात, लाल म्हणजे बाद. पुष्कळ क्लबांत पहिली दोन कार्डं ड्रॉवरमध्येच पडून असतात आणि ऊठसूट लाल दाखवतात. मग पोरांना लालची भीती राहत नाही.

टिळकवाडी_चिटणीस
नोंदवहीतून उतरवतो.
जून: डिटेल (एका वेळच्या नेमबाजांची फेरी) संपल्यावर पिस्तूल टेबलावर ठेवून स्कोअरकार्ड द्यायला गेला. फ्लॅग लावलेला नव्हता, ब्रीच (छर्रा भरायची जागा) उघडी होती.
जुलै: छर्रा भरताना मझल डावीकडच्या लेनकडं वळलं. फ्लॅग काढलेला, छर्रा अर्धवट आत.
ऑगस्ट: स्टॉपनंतर एक शॉट सुटला, टार्गेटवरच लागला. ‘ऐकू आलं नाही’ असं त्याचं म्हणणं.
तिन्ही वेळा ड्यूटीवर तेच रेंज ऑफिसर. तेच कोचही आहेत, त्यामुळं मॅच चालू असताना मागून सूचनाही देत होते.

निपाणी_आरओ
मग ही तीन वेगळी प्रकरणं आहेत.
जूनचं पिवळं कार्ड. ब्रीच उघडी, मझल समोर, माणूस बंदुकीपासून लांब. चूक आहे, पण बाद करण्याजोगी नाही.
जुलैचं लाल बरोबर. यात मी सूट देणार नाही.
ऑगस्टचा शॉट शून्य धरायचा. स्टॉपनंतर भरलेली बंदूक हाताळली तर बाद ‘करता येतं’, ‘केलंच पाहिजे’ असं नाही. म्हणजे चौकशी करून ठरवायचं. ती झालेली दिसत नाही.

तीनदा बाद म्हणून सभासदत्व काढलंत आणि त्यानं लेखी दाद मागितली, तर पहिल्याच प्रश्नाला तुमची समिती अडकेल.

कॅम्पातला_उस्ताद
जून, जुलै, ऑगस्ट. बेळगावचा पाऊस, रेंजवर पत्रा आणि पोरांच्या कानात इअरप्लग. छप्पर पत्र्याचंच आहे ना? हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारायला पाहिजे होता बघा.

चाचणी सोपी आहे. जोराचा पाऊस चालू असताना दोघांनी १ आणि १२ नंबरच्या लेनवर प्लग घालून, टार्गेटकडं तोंड करून उभं राहायचं. ऑफिसरनं नेहमीच्या जागेवरून नेहमीच्या आवाजात दहा वेळा स्टॉप म्हणायचं, मधलं अंतर कमीजास्त ठेवून. ऐकू आलं की हात वर. दहापैकी एक जरी चुकला, तर रेंज कमांडच्या बाबतीत नापास.

पण म्हणून पोरगं सुटलं असं समजू नका. मॅचची वेळ इलेक्ट्रॉनिक टार्गेटची ७५ मिनिटं असो नाहीतर कागदाची ९०, घड्याळ समोर असतं. शेवटच्या मिनिटात शॉट कोंबायला बघणाऱ्यालाच स्टॉप ऐकू येत नाही. शेवटच्या ३० सेकंदांत हात उचलायचाच नाही, अशी सवय लावा.

आणि कोच नि रेंज ऑफिसर एकच माणूस नको. फौजेत काय नि क्लबात काय, जो निशाणा बघतो त्याचं लक्ष मझलवर नसतं. १२ लेनला दोन ऑफिसर, एक उजव्या टोकाला, एक डाव्या.

छर्रा_४पॉइंट५
जुलैच्या घटनेबद्दल लिहितो, कारण खरी दुरुस्ती तिथंच आहे.

भरताना मझल डावीकडं का जातं? उजव्या हाताचा नेमबाज पिस्तूल छातीजवळ ओढतो, ब्रीच दिसावी म्हणून मनगट आत वळवतो आणि डाव्या हातानं छर्रा सारतो. पिस्तूल जितकं जवळ येईल तितकं मझल बाजूला जातं. दोन लेनमधलं अंतर मीटरभर असेल, तर मझल वळत गेलं की शेजाऱ्याचा हात टप्प्यात येतो. ओरडून हे सुटत नाही. टेबलाची मांडणी बदलावी लागते.

टेबल ७० ते ८० सेंटीमीटर उंच असतं. उंच पोराला ते खाली पडतं, म्हणून तो पिस्तूल वर आणतो. टेबलावर १५–२० सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा ठेवा, वर रबर चिकटवा, हवेच्या सिलिंडरचं पुढचं टोक त्यावर टेकवूनच लिव्हर उघडायचा. छर्ऱ्याची डबी ठोकळ्याच्या पुढं डावीकडं, म्हणजे हात पुढं जातो, पिस्तूल मागं येत नाही. टेबलावर लेनच्या दोन्ही कडांपासून १० सेंटीमीटर आत लाल टेप मारा. मझल त्या दोन टेपांच्या मध्येच. डावखुरा असेल तर मांडणी उलटी, आणि त्याला शक्यतो टोकाची लेन द्या.

दुसरं, पिस्तूल तपासलं का? ऑगस्टचा शॉट ‘सुटला’ असं लिहिलंय, ‘मारला’ असं नाही. एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम लागतो. बॅरल सरळ उभी वर, पिस्तूल कॉक केलेलं, छर्रा नाही, पण हवेचा प्रेशर चालू. ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरच्या मध्यावर अडकवून टेबलावरून हळू उचलायचं. वजन अधांतरी राहिलं पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. स्क्रू फिरवून तो ३००–३५० वर आणणारे महाभाग असतात. असा ट्रिगर बोट नुसतं टेकलं तरी सुटतो, आणि पावसाळ्यात घामट बोटानं तर हमखास. ट्रिगरच्या दुसऱ्या टप्प्याची पकड झिजली असेल तरी तेच होतं, पण ते घरी स्क्रू पिळून नीट होत नाही, आर्मररकडंच (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडं) द्यावं लागतं.

फ्लॅग काय वापरता? एअर गनला तो पूर्ण बॅरलभर लांब हवा, ब्रीचमधून घालून मझलमधून बाहेर दिसला पाहिजे. गवत कापायच्या मशीनची भडक रंगाची नायलॉन दोरी चालते, तीही ४.५ मिलिमीटरच्या नळीत मोकळी सरकेल इतकी बारीक. टोकं लायटरनं किंचित गोल करा. फ्लॅगचा खरा उपयोग इथं आहे: नळीत छर्रा अडकलेला असेल तर दोरीचं टोक मझलमधून बाहेर येत नाही. अशा वेळी दोरी रेटायची नाही. पिस्तूल समोर धरून मोकळा हात वर करायचा आणि ऑफिसरच्या परवानगीनं तो छर्रा टार्गेटवर मारून काढायचा. ब्रीचमध्ये बोटभर दोरी खुपसून ठेवणाऱ्याला फ्लॅग लावलाय असं म्हणू नका.

खानापूरकर_ताई
भाषेकडंही बघा. आपल्या भागात एकाच डिटेलमध्ये मराठी पोरं, कन्नड पोरं, शिवाय कॅम्पातली हिंदी बोलणारी असतात. ऑफिसर कधी ‘स्टॉप’ म्हणतो, कधी ‘थांबा रे’, कधी ‘निल्लिसी’. कानात प्लग असताना पोराला ओळखीचा एकच आवाज हवा. कमांड चारच: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. अर्थ मराठीत नि कन्नडमध्ये आधी समजावून सांगा, भिंतीवर दोन्ही लिप्यांत लावा, पण लाइनवर हेच चार शब्द.

पालकांना तोंडी काही सांगू नका. १८ च्या आतलं मूल असेल तर घटनेचा कागद पालकाच्या सहीनं. ‘एअर गनच तर आहे’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. कायद्यात ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअर गन बिनपरवाना असली, तरी डोळा जायला त्याच्या पाव ताकदीचीही गरज नसते.

निपाणी_आरओ
आता पायऱ्या. असं लिहून घ्या, फेरफार समितीनं करावा.

पिवळं: फ्लॅग विसरणं, परवानगीशिवाय ड्राय फायर (छर्ऱ्याविना ट्रिगर दाबणं). १२ महिन्यांत तीन पिवळी झाली की एक लाल मोजायचं.

लाल: मझल लेनबाहेर, कमांडआधी छर्रा भरणं, हेतूनं स्टॉपनंतर शॉट. त्या दिवशी बंदुकीला हात नाही, पण रेंजवर बसून डिटेल बघायचा. घरी पाठवलं की राग घेऊन जातो.

थेट समिती: लाइनच्या पुढं माणूस असताना बंदुकीला हात लावणं. तुमच्याकडं पुली अडकली की कुणीतरी पुढं जातंच. त्या वेळी सगळे फ्लॅग आत, सगळे लाइनपासून एक पाऊल मागं, आणि ऑफिसरनं बारा टेबलं चालत बघितल्याशिवाय कुणी पुढं जायचं नाही. इथं पहिल्या चुकीलाच निलंबन.

परत येताना: पहिली तीन सत्रं छर्ऱ्याविना, फक्त कमांडवर पिस्तूल उचलणं, ठेवणं, फ्लॅग काढणं-लावणं. चौथ्याला १० छर्रे, ऑफिसरच्या हातातून एकेक. पाचव्याला ३०, स्वतःच्या डबीतून. मग मॅच. मध्ये पिवळं आलं तर मागची पायरी पुन्हा.

ज्यानं लाल दाखवलं तो अपील ऐकायला बसणार नाही, हेही लिहा. तुमच्या प्रकरणात मी त्याच्या नावावर एक पिवळं, एक लाल ठेवीन, आणि ऑगस्टचा निर्णय ट्रिगर नि आवाजाची चाचणी झाल्यावर.

कॅम्पातला_उस्ताद
पिवळी तीन जमेपर्यंत वाट बघणं मला पटत नाही. दोन पुरे. बाकी मान्य.

टिळकवाडी_चिटणीस
आज दुपारी पाऊस चालू असतानाच चाचणी घेतली. लेन १ ते ७ पास. ८ वर दोनदा चुकलं, ११ नि १२ वर दहापैकी चारदाच ऐकू आलं. तो पोरगा ऑगस्टमध्ये ११ वर होता. पिस्तूलही टांगून बघितलं, ५०० ला सुटलं, म्हणून आर्मररकडं पाठवतोय. पिस्तूल क्लबचं आहे, त्यामुळं ती चूकही आमच्याच खात्यावर. सभासदत्व रद्द करण्याचा ठराव मागं घेतला, जुलैच्या लालबद्दल सोमवारपासून छर्ऱ्याविना तीन सत्रं.

स्पीकर दोन्ही टोकांना बसवतोय, सोबत लाल दिवा. दिवा कुठं लावू, ऑफिसरच्या डोक्यावर की समोर?

छर्रा_४पॉइंट५
समोर, टार्गेटच्या रांगेच्या वर. मागं लावला तर बघायला पोरं पिस्तूल हातात घेऊन मान वळवतील. स्टॉपलाच पेटेल असं स्विच ऑफिसरच्या हातात ठेवा, एरवी बंद. आणि आवाजाची कमांड सोडू नका, बाहेरच्या मॅचला दिवा नसतो.