तीन सामन्यांत विश्वचषकाचं तिकीट: रग्बी युरोप चॅम्पियनशिपमधली आठ संघांची रचना बदलावी का?

ब्लाइंडसाइड (धागाकर्ता)

सिक्स नेशन्स या युरोपातल्या अव्वल सहा संघांच्या स्पर्धेच्या खालच्या पायरीवर दर फेब्रुवारी-मार्चमध्ये रग्बी युरोप चॅम्पियनशिप होते. २०२२पर्यंत तिच्यात सहा संघ होते. प्रत्येक जण प्रत्येकाशी एकदा खेळायचा, पाच सामने व्हायचे आणि तक्त्यात जो वर तो विजेता. २०२३पासून आठ संघ आले, चार-चारचे दोन गट झाले. गटात तीन सामने, मग उपांत्य, मग अंतिम. गटात तिसरे-चौथे येणारे संघ पाच ते आठ या क्रमांकांसाठी खेळतात. २०२५चा हंगाम आणि नोव्हेंबरमधली दुबईची अंतिम पात्रता स्पर्धा पाहून माझं मत पक्कं झालं आहे: ही रचना चुकीची आहे, सहा संघांची साखळी परत आणावी.

पात्रतेचंच बघा. २०२३च्या विश्वचषकासाठी २०२१ आणि २०२२ या दोन हंगामांचे मिळून दहा सामने धरले होते. २०२७साठी किती? तीन. २०२५मध्ये गटात पहिल्या दोघांत आलात की ऑस्ट्रेलियाचं तिकीट हातात. त्या तीनातला एक सामना गटातल्या सर्वांत बलाढ्य संघाशी, एक सर्वांत दुबळ्याशी. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मानांकनाच्या संघांचं चार वर्षांचं भवितव्य ८० मिनिटांच्या एकाच सामन्यावर. आणि सामने तीन असल्यामुळे कुणाला दोन घरी मिळतात, कुणाला एकच.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. २०२५मध्ये जॉर्जिया आणि पोर्तुगाल एकमेकांशी खेळलेच नाहीत. २०२३च्या विश्वचषकात तुलूझला ज्यांनी १८–१८ अशी बरोबरी केली, ज्यांच्यात २०२३ आणि २०२४चे दोन्ही अंतिम सामने झाले, ते संघ अख्ख्या हंगामात समोरासमोर आले नाहीत. जॉर्जिया-स्पेन मात्र दोनदा झाला, गटात एकदा आणि तिबिलिसीच्या अंतिम सामन्यात एकदा (४६–२८). पोर्तुगालच्या जागी जॉर्जियाच्या वाट्याला काय आलं? स्वित्झर्लंड. ११०–०.

आणि इतकं करून २०२३, २०२४, २०२५ या तिन्ही वर्षी उपांत्य फेरीत तेच चार संघ: जॉर्जिया, पोर्तुगाल, स्पेन, रोमानिया.

दुसरी_फळी

पूर्ण असहमत. तुम्ही वरच्या चौघांच्या खिडकीतून बघताय. खालून बघा.

२०२५मध्ये बेल्जियम पाचवा आला, म्हणून दुबईला गेला. तिथे शेवटच्या सामन्यात सामोआशी १३–१३ बरोबरी झाली, सामोआ पुढे गेला. सामोआनं याआधी विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी गाठली आहे, आणि त्याला बेल्जियमनं शेवटच्या शिट्टीपर्यंत जखडून ठेवलं. हा संघ २०२३पासून दरवर्षी पोर्तुगाल आणि रोमानियाशी खेळत होता. २०२४च्या पहिल्याच फेरीत घरच्या मैदानावर त्यानं पोर्तुगालला १०–६ हरवलं. हे आठ संघ केल्याचंच फळ आहे.

११०–०बद्दल म्हणाल, तर २००७च्या विश्वचषकात लिऑनला न्यूझीलंडनं पोर्तुगालला १०८–१३ धुतलं होतं. पुढे पोर्तुगाल खालच्या श्रेणीतही घसरला आणि २०१९मध्ये जर्मनीला हरवून वर आला. २०२३मध्ये त्याच देशानं फिजीला २४–२३ हरवलं. त्या १०८कडे बघून पोर्तुगालला बाहेर ठेवलं असतं तर?

शिवाय चढ-उतार आता दोन हंगामांच्या कामगिरीवर ठरतो. २०२३ आणि २०२४ मिळून पोलंड खाली गेला, स्वित्झर्लंड वर आला. पूर्वी तळाचा संघ आणि खालच्या श्रेणीचा विजेता यांच्यात एकच सामना व्हायचा. नव्यानं आलेल्याला आता दोन वर्षं मिळतात, तेवढ्यात प्रशिक्षक नेमता येतो, शिबिरं लावता येतात.

टाइटहेड_३

गुणफलकापेक्षा स्क्रमकडे (दोन्ही संघांचे आठ-आठ गडी एकमेकांना भिडून चेंडूसाठी ढकलतात तिकडे) बघून सांगतो, कारण ११०–० तिथून सुरू होतं.

चमूत २३ खेळाडू असतात आणि त्यातले किमान ६ पहिल्या फळीत खेळू शकणारे लागतात: हुकर आणि दोन्ही बाजूंचे प्रॉप, प्रत्येकी एक बदली. जॉर्जियाकडे असे खेळाडू रांगेनं उभे आहेत, फ्रान्सच्या टॉप १४ आणि प्रो डी२ या व्यावसायिक लीगमध्ये दर आठवड्याला तेच काम करतात. समोरचा प्रॉप आठवडाभर नोकरी करून आलेला असतो. टाइटहेड, म्हणजे ३ नंबरचा प्रॉप, दोन डोक्यांच्या मध्ये अडकलेला असतो. दोन्ही बाजूंनी दाब त्याच्यावर येतो. त्याचे नितंब बाहेर फिरले, पाठ खांद्याच्या रेषेतून सुटली, की स्क्रम कोसळतो. पंच पेनल्टी देतो. पेनल्टीवरून चेंडू टचबाहेर, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर मारला तरी लाइनआउटला (रेषेवरून दोन रांगांच्या मध्ये चेंडू फेकतात तेव्हा) चेंडू पुन्हा त्याच संघाचा. पाच मीटरवर लाइनआउट, मॉल (चेंडू धरलेल्या गड्याला घोळक्यानं पुढे ढकलणं), ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं). तीन-चार वेळा हेच झालं की प्रॉपला पिवळं कार्ड, दहा मिनिटं बाहेर, आणि त्याच्या जागी पहिल्या फळीचा माणूस आणायला दुसरा कुणी गडी बसवावा लागतो.

त्यात ट्राय झाल्यावर किक-ऑफ ज्याच्यावर ट्राय झाला त्यानं मारायचा असतो. चेंडू पुन्हा वरचढ संघाच्या हातात! फुटबॉलच्या हे अगदी उलट आहे, म्हणून रग्बीत दरी वाढते ती अशी घसरगुंडीसारखी.

पहिल्या फळीचे बदली संपले तर स्क्रम बिनलढतीचा होतो: कुणी ढकलायचं नाही, चेंडू ज्याचा त्याला मिळतो. मान वाचते, पण शिकायला काहीच उरत नाही. दुसरी_फळी, तुमचं पोर्तुगालचं उदाहरण मोलाचं आहे. तरी पोर्तुगाल न्यूझीलंडशी दर फेब्रुवारीत खेळत नव्हता. चार वर्षांतून एकदा मार खाणं वेगळं, हंगामाची सुरुवातच त्यानं करणं वेगळं.

रेषेपलीकडे

ब्लाइंडसाइड दहा सामन्यांच्या साखळीचं कौतुक करतात, पण तिचा निकाल कुठे लागला ते सांगत नाहीत. मैदानावर नाही लागला. स्पेन तक्त्यात दुसरा होता. अपात्र खेळाडू दोन सामन्यांत खेळवल्याबद्दल दहा गुण कापले गेले, रोमानिया थेट विश्वचषकात गेला आणि पोर्तुगालला तेव्हाच्या दुबईतल्या अंतिम पात्रता स्पर्धेची वाट मिळाली. (तिथे अमेरिकेशी १६–१६, शेवटच्या क्षणी सॅम्युएल मार्केसची पेनल्टी. बेल्जियमला नेमकं तेवढंच मिळालं नाही.)

२०१९च्या विश्वचषकासाठीची २०१८ची पात्रता तर आणखी वाईट. शेवटच्या फेरीत ब्रुसेल्सला बेल्जियमनं स्पेनला १८–१० हरवलं. स्पेन हरला की रोमानियाचा फायदा होता, आणि पंच रोमानियाचा होता. पुढे चौकशीत रोमानिया, स्पेन, बेल्जियम तिघांचेही अपात्र खेळाडू निघाले, तिघांचे गुण कापले आणि रशिया पात्र ठरला.

साखळीत हा धोका रचनेतच आहे. शेवटच्या फेरीत एका सामन्याचा निकाल तिसऱ्याच्या पथ्यावर पडतो. बाद फेरीत जिंकलात तर पुढे, हरलात तर नाही.

ब्लाइंडसाइड

रेषेपलीकडे, अपात्र खेळाडू ही कागदपत्रांची चूक आहे, साखळीची नाही. निवासाची अट किंवा आजी-आजोबांचा जन्मदाखला न तपासता खेळाडू उतरवला तर तो गटात उतरवा नाहीतर उपांत्य सामन्यात, गुण जाणारच. उलट तीन सामन्यांच्या गटात एका सामन्याचे गुण कापले तर संघ तिथेच संपला. आणि पंचाचं म्हणाल तर तटस्थ देशाचा नेमायचा, एवढं साधं उत्तर आहे.

बोनस गुणांचाही हिशेब करा. विजयाला ४, बरोबरीला २, सात किंवा कमी गुणांनी हरलात तर १. आणि या स्पर्धेत आक्रमणाचा बोनस सिक्स नेशन्ससारखा चार ट्रायला मिळत नाही, प्रतिस्पर्ध्यापेक्षा तीन ट्राय जास्त लागतात. म्हणजे ४–१ असं पुढे असताना शेवटच्या मिनिटाला एक ट्राय दिली तर फरक दोनवर येतो आणि बोनस जातो. ८०व्या मिनिटापर्यंत खेळ जिवंत ठेवणारा हा सुंदर नियम आहे. पण तळाच्या संघाविरुद्ध तो बोनस सगळ्यांनाच मिळतो, बलाढ्य संघाविरुद्ध कुणालाच नाही. उरतो तो एकच सामना. पाच सामन्यांत या नियमाला अर्थ येतो.

लाइनआउट_मास्टर

दोघेही एक गोष्ट विसरताय: शनिवार-रविवार किती आहेत? पाच. जुन्या साखळीत ६ संघांचे १५ सामने, प्रत्येकी ५. नव्या रचनेत गटांचे १२, पुढचे ४, शेवटचे ४, एकूण २०, तरीही प्रत्येकी ५. म्हणून संघटनेला हे सोयीचं वाटलं. आठ संघांची पूर्ण साखळी करायची तर ७ फेऱ्या लागतात. वर्ल्ड रग्बीच्या नियम ९खाली ठरलेल्या काळात क्लबांनी खेळाडू सोडायचे असतात, पण प्रो डी२चे सामने फेब्रुवारी-मार्चमध्ये थांबत नाहीत. क्लब पगार देत असतो, करार त्याच्या हातात असतो, आणि जायचं की नाही हे ओझं खेळाडूच्या मनावर येतं. सात आठवडे कुणी सोडणार नाही.

मला तिसरा मार्ग दिसतो. गट मिसळू नका, वरचे चार एका गटात आणि खालचे चार दुसऱ्या गटात ठेवा. रणजीत एलिट आणि प्लेट असतं तसं. पहिल्या तीन फेऱ्या आपापल्या गटात. चौथ्या फेरीत वरच्या गटाचा चौथा विरुद्ध खालच्या गटाचा पहिला, खालच्याच्या मैदानावर. जिंकेल तो पुढच्या वर्षी वर. जॉर्जिया-पोर्तुगाल, जॉर्जिया-रोमानिया, स्पेन-पोर्तुगाल दरवर्षी नक्की होतील. स्वित्झर्लंडला जर्मनी, नेदरलँड्स, बेल्जियम मिळतील, म्हणजे टाइटहेड म्हणतात तशी स्क्रमची बरोबरीची लढत.

दुसरी_फळी

मांडणी चांगली आहे, पण तुमच्या रचनेत बेल्जियमनं पोर्तुगालला हरवलेला तो १०–६ झालाच नसता. बेल्जियमला वरच्या चौघांपैकी फक्त एकाशी, वर्षातून फक्त एकदा खेळायला मिळेल. आज गटातले दोन नक्की मिळतात. आणि रणजीचं म्हणाल तर तिथेही प्लेटमधून वर आलेल्या संघाला एलिटमध्ये पूर्ण हंगाम मिळतो.

स्टेजारी

रोमानियाच्या बाजूनं एवढंच. १९८०मध्ये बुखारेस्टला फ्रान्सला १५–०, १९८३मध्ये वेल्सला २४–६, १९८४मध्ये स्कॉटलंडला हरवलं, १९८८मध्ये कार्डिफला जाऊन वेल्सला १५–९. तेव्हाच्या फाइव्ह नेशन्सनं दार उघडलं नाही. १९८९च्या क्रांतीनंतर सैन्याच्या स्टेआवा आणि गृहखात्याच्या दिनामो या क्लबांचा सरकारी पैसा आटला. कर्णधार राहिलेला फ्लोरिका मुरारिउ त्याच डिसेंबरमध्ये गोळी लागून गेला. संघ पुन्हा उभा राहिलाच नाही. २०२३च्या विश्वचषकात स्कॉटलंडकडून ०–८४.

म्हणून वरच्या चौघांचे सामने वाढवा या मागणीला माझा जोरदार पाठिंबा आहे. तयार झालेल्या संघाला वेळेवर कठीण सामने मिळाले नाहीत तर तो तिथे थांबत नाही, मागे जातो. सिक्स नेशन्स ही मुख्यतः सहा संघटनांच्या मालकीची कंपनी आहे, ती आपली जागा सोडणार नाही. २०२६पासूनच्या बारा संघांच्या नेशन्स चॅम्पियनशिपमध्येही २०३०पर्यंत चढ-उतार नाही. तोवर जॉर्जियाला वर्षातले खरे सामने इथेच मिळायचे आहेत.

आणि अँटिम चषक. जॉर्जियात जन्मून वालाकियाचे (आजच्या रोमानियातला प्रांत) धर्मगुरू झालेल्या अँटिमच्या नावानं २००२पासून जॉर्जिया आणि रोमानिया तो खेळतात. २०२३, २०२४ला उपांत्य फेरीत गाठ पडली म्हणून निभावलं. सोडतीच्या भरवशावर चषक ठेवू नये.

टाइटहेड_३

लाइनआउटच्या रचनेत एक भर सुचवतो, दुसरी_फळींचा आक्षेपही त्यात बसतो. चौथ्या फेरीत एकच ओलांडसामना नको, दोन ठेवा: वरचा चौथा विरुद्ध खालचा पहिला, वरचा तिसरा विरुद्ध खालचा दुसरा. पाचव्या फेरीत जोड्या उलट. मग खालच्या पहिल्या दोघांना वरच्या दोन संघांशी खेळायला मिळेल, आजच्याइतकंच. तळाच्या दोघांना मात्र जॉर्जियासमोर उभं राहावं लागणार नाही.

दुसरी_फळी

हे मला पटतंय. पण वरचे पहिले दोन चौथ्या-पाचव्या फेरीत काय करणार? दोनदा एकमेकांशीच खेळणार?

लाइनआउट_मास्टर

हो, दोन पायांचा अंतिम सामना, एक घरी एक बाहेर, गुणांची बेरीज. आत्ता अंतिम सामना ठरलेल्या मैदानावर असतो. २०२३ला बदाहोस, २०२४ला पॅरिसचं स्ताद जाँ-बुआँ. जॉर्जिया-पोर्तुगालचा सामना पॅरिसला लावण्यापेक्षा एक लिस्बनला, एक तिबिलिसीला झाला तर तिकिटंही तिथल्याच लोकांना मिळतील.

ब्लाइंडसाइड

आणि विश्वचषकाची पात्रता दोन हंगामांच्या बेरजेवर. ते कलम असेल तर सहा संघांचा हट्ट मी सोडतो. ते नसेल तर नाही.

रेषेपलीकडे

दोन हंगामांची बेरीज म्हणजे मधल्या वर्षी गट बदललेल्या संघाचे गुण कुठल्या तक्त्यात धरायचे? खालच्या गटात मिळवलेले १५ आणि वरच्या गटात मिळवलेले १५ एकाच मापानं मोजता येणार नाहीत. हे सोडवल्याशिवाय मी आजच्या रचनेच्याच बाजूनं आहे.