सतराव्या वर्षी घर सोडणं आणि मित्राची आई

वर कुणीतरी लिहिलंय की सतरा वर्षांचा मुलगा कमावता असेल तर त्याला खोली घेऊन राहायला कोण अडवणार? खोलीच अडवते. अठराच्या आतल्या व्यक्तीने केलेला करार आपल्या कायद्यात मुळातच रद्दबातल, त्यामुळे लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे खोली भाड्याने घेण्याच्या करारावर, त्याची सही चालत नाही. पण खरी गोम वेगळीच आहे, ती अजून कुणी मांडलेली दिसली नाही. मुलगा निघून गेला तर अडकतो तो त्याला आसरा देणारा.

माझा भाचा बारावीत असताना बापाशी भांडून विक्रोळीला मित्राकडे जाऊन बसला, फोन बंद. रात्री आम्ही पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ लिहायला गेलो, तर ठाणे अंमलदाराने थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवला, ‘अज्ञात इसमाविरुद्ध’. ताई घाबरलीच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशापासून हरवलेल्या अल्पवयीन मुलाबाबत असंच करतात, हे तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी पोरगा सापडला, पण मित्राच्या आईला जबाब द्यायला दोन तास बाकावर बसावं लागलं. बिचारीने फक्त वरणभात वाढला होता! पूर्वी अपहरणाच्या कलमात मुलग्यांसाठी वयाची मर्यादा सोळा होती, दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ती सरसकट अठरा झालीय. घरात मारहाण वगैरे असेल तर मात्र मित्राकडे लपण्यापेक्षा १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करावा. तिथून प्रकरण बालकल्याण समितीकडे जाऊ शकतं, आणि कुठे राहायचं हे ठरवताना समिती मुलाचंही ऐकते.