डावखुऱ्यांनो, तुमचा माउस कसा लावलाय? अनुभव लिहा

मुलगी डावरी आहे. लिहिणं, कात्री धरणं, चित्र काढणं सगळं डाव्या हाताने. यंदा शाळेत कॉम्प्युटर सुरू झाला आणि माउस मात्र उजव्या हातात आला. घरी मी माउस डावीकडे ठेवला. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग माउस उघडून 'प्रायमरी माउस बटन' राइट केलं. निवडल्या क्षणीच बटणं उलटतात, त्यामुळे पुढचा क्लिक लगेच डाव्या तर्जनीने करावा लागतो.

एवढ्याने भागतं का? बटणं न उलटता नुसता माउस डावीकडे घेतला तर? कोल्हापुरात रोज डाव्या हाताने काम करणाऱ्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

मार्केट यार्ड, अडत दुकान

ताई, मी गुळाच्या अडतीत टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, बघतो. बटणं उलटलेली आहेत आणि माझा सल्ला तोच आहे. आकड्यांचा पॅड कीबोर्डच्या उजव्या अंगाला असतो. माझा उजवा हात तिथनं हलत नाही, डावा माउसवर. उजव्या माणसाला दर नोंदीला हात इकडनं तिकडं न्यावा लागतो. दिवाळी पाडव्याला सौदे निघाले, गुळाच्या रव्यांच्या (ढेपांच्या) पट्ट्या, म्हणजे विक्रीची बिलं, लागायला लागल्या की हा फरक लई जाणवतो.

अडचण एकच होती. आमचे दिवाणजी उजवे आणि कॉम्प्युटर एकच. कुणी बसलं की दुसऱ्याची सेटिंग मोडायची. भाच्यानं विंडोजमध्ये दोघांची वेगवेगळी यूजर अकाउंटं काढून दिली. बटणांची निवड ज्याच्या त्याच्या अकाउंटला राहते. आता कुरबूर नाही. शाळेत दोन पोरं एका मशीनवर बसत असतील तर मास्तरांना हे जरूर सांगा.

मंगळवार पेठ, डीटीपी

मी बटणं उलटत नाही. लग्नपत्रिका, हँडबिलं, अहवाल अशी कामं असतात आणि कधी प्रेसमध्ये, कधी गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बसावं लागतं. माउस उचलून डावीकडे ठेवला की काम सुरू. साधा क्लिक मधल्या बोटाने. लहानपणापासून तसंच बसलंय, बोट दुखत नाही.

मला त्रास झाला तो शॉर्टकटचा, आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. कॉपी, पेस्ट, कट, अनडू ही सगळी अक्षरं कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात आहेत, म्हणजे माउस उजव्या हातात धरणाऱ्यांच्या सोयीची. आपण दरवेळी माउस सोडायचा का? नाही. उजव्या हाताने कंट्रोल-इन्सर्ट म्हणजे कॉपी, शिफ्ट-इन्सर्ट म्हणजे पेस्ट, शिफ्ट-डिलीट म्हणजे कट. वर्डमध्ये, एक्सेलमध्ये बिनधास्त वापरा. फक्त फाइलींच्या खिडकीत शिफ्ट-डिलीट दाबू नका. तिथे फाइल रीसायकल बिनमध्ये न जाता थेट पुसली जाते. लेकीला हे आधी शिकवा.

शिरोली एमआयडीसी, फाउंड्रीत पॅटर्नची ड्रॉइंग

दिवसभर कॅडवर, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर, असतो. बटणांपेक्षा आकाराचं महत्त्व जास्त, हे माझं ठाम मत. अंगठ्यासाठी खोबण दिलेला, एका बाजूला फुगलेला माउस डाव्या हातात बसतच नाही, सेटिंग काहीही करा. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला साधा वायरचा माउस घ्या, स्वस्तात मिळतो. कडेला जादा बटणं असलेला नको. ती अंगठ्याऐवजी करंगळीखाली येतात आणि नको तेव्हा दाबली जातात. खास डाव्या हाताचे माउसही निघतात, लॉजिटेकचा 'लिफ्ट' उभ्या धाटणीचा डावा मिळतो. पण मुलांना त्याची गरज नाही.

राजारामपुरी, निवृत्त

मी पक्का उजवा. मनगट दुखायला लागलं म्हणून फिजिओथेरपिस्टनी काही काळ माउस डावीकडे घ्यायला सांगितला. सुरुवातीला बाण जाईल तिकडे जायचा. पॉइंटरचा वेग कमी केला तेव्हा हात स्थिरावला. आता मनगट दुखलं नाही तरी दोन्ही हातांनी आलटूनपालटून चालवतो.

कळंबा, कॉम्प्युटर क्लास चालवते

क्लासमध्ये डावरं मूल आलं की पहिल्या तासालाच त्याचा माउस डावीकडे देते. कुणी "उजव्याची सवय लागू दे" म्हणालं तरी ऐकत नाही. मूल बाणाकडे बघायचं सोडून हाताकडे बघत बसलं तर शिकणार कधी?

खरी अडचण टेबलाची. कीबोर्डच्या सरकत्या फळीवर माउसची जागा बहुधा उजवीकडेच असते, सीपीयूही तिकडेच, त्यामुळे वायर पुरत नाही. मी सुताराकडून फळी दोन्हीकडे सारखी रुंद करून घेतली आणि वायर मागून फिरवली. ताई, फळी बदलता येत नसेल तर वायरलेस घ्या. आणखी एक: विंडोजमध्ये ती निवड सगळ्या माउसना मिळून लागते, लॅपटॉपच्या टचपॅडची बटणंही उलटतात. ते आधीच सांगितलं की मूल गोंधळत नाही.

शिवाजी विद्यापीठ परिसर, विद्यार्थी

शाळेच्या लॅबमध्ये विंडोजऐवजी उबंटू असेल तर सेटिंग्जमध्ये माउस अँड टचपॅडखाली हीच निवड आहे. मॅकवर सेकंडरी क्लिक, म्हणजे एरवीचा राइट क्लिक, डाव्या बाजूला घ्यायचा. गेम खेळत असेल तर चालायच्या कळा उजव्या हाताखाली, आय-जे-के-एल वर बदलून द्या. बऱ्याच गेममध्ये ती सोय असते.