झाडांवर धंदा करणाऱ्यांनी दर तीन वर्षांनी पुन्हा शिकायलाच हवे का?

बकुळ_दादर :
मुंबईत लँडस्केपचे काम करणारा प्रत्येक जण, मग तो आराखडा काढणारा असो, ठेकेदार असो की चार सोसायट्यांचे माळी सांभाळणारा सुपरवायझर, त्याने दर तीन वर्षांनी झाडांचे शिक्षण पुन्हा घेतले पाहिजे. ते घेतल्याशिवाय पालिकेच्या आणि मोठ्या सोसायट्यांच्या कामाला हात लावू देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. विरोध होणार हे गृहीत धरूनच कारणे मांडते.

एक म्हणजे किडी नव्या येत राहतात. नारळाच्या झावळीच्या खालच्या अंगाला पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी उमटते आणि खाली लावलेल्या पानांवर काळी काजळी चढते, ती चक्राकार पांढरी माशी. भारतात ती पहिल्यांदा 2016 मध्ये तमिळनाडूत आढळली. त्याआधी डिप्लोमा झालेल्यांच्या वहीत ती असणारच नाही. मग काजळी दिसली की बुरशीनाशक मारले जाते. काजळी वाढते माशीच्या चिकट स्रावावर, बुरशीनाशकाने माशीचे काहीच बिघडत नाही. जहाल कीटकनाशक मारले तर आणखी वाईट, कारण या माशीच्या पिल्लांवर जगणारी एन्कार्सिया नावाची इवलीशी गांधीलमाशी आधी मरते. पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण आला तेव्हाही आपण असेच उशिरा जागे झालो. रस्त्यावर सावली धरणारी केवढी झाडे उभ्या उभ्या वाळली!

दुसरे, छाटणी. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे असते. जखम बंद करणारी वाढ तिथूनच होते, म्हणून काप त्या कड्याच्या जरा बाहेर घ्यायचा. फांदी जड असेल तर आधी फूटभर पुढे खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडे पुढे वरून, आणि राहिलेला खुंट शेवटी कड्याजवळ. असे केले की साल सोलून खाली येत नाही. आता पावसाआधी तुमच्या रस्त्यावरून चक्कर मारा. काही फांद्या खोडाला घासून कापलेल्या, काहींचे हातभर खुंट सोडलेले, आणि सालीच्या पट्ट्या खोडापर्यंत सोललेल्या दिसतील. शेंडा मारलेल्या झाडाला पुढे झुपक्याने धुमारे येतात, लोकांना वाटते झाड सावरले. ते धुमारे वरवर चिकटलेले असतात आणि जड झाले की वादळात तेच आधी मोडतात. खाली माणसे चालत असतात.

कायदाही बदलतो. झाडांच्या संरक्षणाचा आपला राज्याचा कायदा 1975 चा, पण 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा त्याहून जुने झाड हेरिटेज झाले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावणे आले. वय अंदाजता येत नसेल तर हा कायदा पाळणार कसा?

बाहेर याची पद्धत बसलेली आहे. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरचे वृक्षतज्ज्ञाचे प्रमाणपत्र तीन वर्षांनी संपते. चालू ठेवायचे तर 30 शिक्षण-एकके (साधारण तेवढ्याच तासांचे वर्ग) भरा, नाहीतर परीक्षा पुन्हा द्या. आपल्याकडे आर्किटेक्टला 1972 च्या कायद्याने नोंदणी तरी आहे. लँडस्केपवाल्याला काहीच नाही, आज बोर्ड लावा आणि उद्या वड छाटा.

ठेकेदार_मुलुंड :
ताई, छाटणीबद्दल लिहिलेत ते शंभर टक्के खरे आहे. पण सक्तीला माझा साफ विरोध आहे.

टेंडर सर्वात कमी दराला जाते. त्या दरात मजुरी, टेम्पो, दोरखंड, विमा एवढेच कसेबसे बसते. उद्या प्रमाणपत्र लागले तर पैसे भरून कागद आणणारे आणतील, आणि ज्याच्याकडे वीस वर्षे झाडावर चढणारी माणसे आहेत पण इंग्रजी फॉर्म भरता येत नाही, तो बाहेर फेकला जाईल. आणि शेंडा मारा म्हणून सांगतो कोण? सोसायटीचे सेक्रेटरी. "उजेड येत नाही, गाड्यांवर कावळे घाण करतात, पूर्ण उडवा." मी नाही म्हटले तर दुसरा येऊन उडवतो. आधी शिक्षण त्यांना द्या.

पोडियमवाली :
मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. पुन्हा शिकायला हवे हे मान्य, पण शिकवायचे काय यावर माझे भांडण आहे. आपल्याकडे झाडांचे शिक्षण म्हटले की देशी झाडांची यादी हातात ठेवतात. ताम्हण लावा, बहावा लावा, गुलमोहर नको कारण तो मादागास्करचा. गुलमोहर पावसात पडतो तेव्हा त्याच्या गावाइतकाच दोष एका बाजूने छाटलेल्या फांद्यांचा आणि बुंध्यापर्यंत आणलेल्या पेव्हर ब्लॉकचाही असतो.

मुंबईतली नवी बाग जमिनीवर नसते, पार्किंगच्या स्लॅबवर असते. ओली माती घनमीटरला दीड ते दोन टन भरते. स्ट्रक्चरल इंजिनिअर तीन फुटांच्या वर माती देत नाही आणि क्लायंटला पहिल्याच दिवशी पंधरा फुटी झाड हवे असते. वॉटरप्रूफिंगवर मुळे कशी वागतात, निचऱ्याची जाळी मातीने कधी भरते, दहा वर्षांनी त्या झाडाचे काय होते, हे मला कोणी शिकवले नाही. अशा विषयांचे तास असतील तर मी पहिल्या दिवशी नाव घालीन. देशी झाडांवरच्या भाषणासाठी मात्र नाही.

वनस्पती_शिक्षिका :
पोडियमवाली, यादी पाठ करणे वेगळे आणि झाड ओळखणे वेगळे. दसऱ्याला सोने म्हणून कांचनाची पाने सर्रास विकली जातात आणि घेणाऱ्याला आपटा माहीत नसतो. घेणाऱ्याचे सोडा, बिलावर आपटा लिहून कांचन उतरवलेला टेम्पो मी पाहिला आहे आणि साइटवरच्या कोणालाच ते कळले नव्हते. ओळखायला शिकायचे तर मुंबईसारखी जागा नाही. राणीच्या बागेत गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती एका सकाळीत हाताला लागतात. सेंट झेवियर्स कॉलेजात 1906 पासूनचे ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. फी नाममात्र ठेवता येईल, अट एकच, वर्ग झाडाखाली भरला पाहिजे.

वेंगुर्ल्याचा_माळी :
अंधेरीत सोसायटीत काम करतो. दोन गोष्टी बोलतो.

आम्ही गावी आंबा कलम छाटले की कापाला बोर्डो पेस्ट लावतो. इथे एका वर्गात साहेब म्हणाले, जखमेला काही लावू नका. मग कोणाचे ऐकायचे?

आणि वर्ग इंग्रजीत होता. मॅनेजर पुढे बसले, आम्ही मागे. कागद मॅनेजरला मिळाला, झाडावर मी चढतो.

बकुळ_दादर :
दादा, दुसरी गोष्ट आधी घेते. कागद झाडावर चढणाऱ्याला मिळाला पाहिजे आणि वर्ग मराठी-हिंदीत झाला पाहिजे. याशिवाय माझ्या मागणीला अर्थ नाही, हे मी मूळ मुद्द्यात धरते.

बोर्डोचे असे आहे. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी 1970 च्या दशकात असंख्य खोडे उभी चिरून दाखवले की झाड जखम आपल्यासारखी भरून काढत नाही. सडलेला भाग ते आतून कप्पा करून बंद करते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. वरून डांबर किंवा ऑईलपेंट फासल्याने आतली सड थांबत नाही. बोर्डो ही बुरशीनाशक पेस्ट आहे, बागेतल्या कलमावर ठरावीक रोगासाठी लावतात, तिथे तिचे काम आहे. रस्त्यावरच्या वडाचा चुकीचा काप तिने बरोबर होत नाही. तुमचे साहेब आणि तुमचे गाव आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि असा प्रश्न विचारायला हक्काची जागा हवी म्हणून तर हा सगळा आग्रह.

ठेकेदारदादा, सेक्रेटरींचे म्हणालात ते खरे. पण "नाही" म्हणणारे तुम्ही एकटे आहात म्हणूनच दुसरा येतो. शहरातल्या सगळ्यांना तोच नियम लागू झाला तर दुसरा आणणार कुठून?

रोपवाटिका_उरुळी :
आमच्याकडे मुंबईहून गाड्या भरायला येतात. उंची विचारतात, भाव विचारतात, पिशवी फाडून मुळे बघणारा गिऱ्हाईक क्वचित. मोठ्या पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळे गोल फिरलेली असतात. ती कापून सरळ न करता लावली तर पुढे बुंध्यालाच आवळतात. वर माती चढवून बुंध्याचा फुगवटाही पुरतात. जमिनीतून झाड विजेच्या खांबासारखे सरळ वर आलेले दिसले की खुरप्याने चार बोटे माती काढून पाहा. सक्ती करा किंवा नको, पण मुळे बघून माल घेणारे वाढले तर आम्हालाही जुना माल गळ्यात मारायची सोय राहणार नाही. आमच्या धंद्यातल्या काहींना हे आवडणार नाही, तरी बोलतो.

पोडियमवाली :
उरुळीकर, हे मला कॉलेजात ऐकायला मिळायला हवे होते. बकुळताई, तरी मुद्दा राहतोच. चढणारा, आराखडा काढणारा आणि रोपे विकणारा यांना एकच तीस तास कसे चालतील? मला झाडावर चढायचे नाही आणि माळीदादांना स्लॅबचा भार काढायचा नाही. तीन वेगळे अभ्यासक्रम करा, नाहीतर सगळ्यांचाच वेळ जाईल.

ठेकेदार_मुलुंड :
तीन वेगळे करा, हे मला पटते. माझ्याकडून एवढे सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे छाटणीचा हंगाम तापण्याआधी, रविवारी वर्ग ठेवा. खऱ्या झाडावर, दोर आणि करवत हातात घेऊन. माझी माणसे पाठवतो आणि त्या दिवसाची हजेरी देतो.

पण टेंडरला जोडायला माझा विरोध तसाच आहे. आधी पालिकेने छाटणीच्या दरपत्रकात नीट कापाचा दर वेगळा लावावा. तीन काप घ्यायला एकापेक्षा जास्त वेळ लागतो, त्या वेळेचे पैसे कोण देणार ते ताईंनी अजून सांगितलेले नाही.